डोंग्यावरची बारावी कुरडई

मंदार भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार. उभा जन्म लोकांची वावरं मोजण्यात घालवलेल्या या माणसाला एकाएकी पाण्याचं वेड काहून लागावं, हे पुसदमध्ये कोणालाच उमगलं नव्हतं. पण लागलं. दोन महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून, प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवून त्याने गच्चीवर चांगली चौदा फुटांची कयाक, दोघांपुरती निमुळती होडी, उभी केली. मंदारची आई, म्हणजे गौरीच्या सासूबाई, तिला डोंगा म्हणायच्या. शेजारचे चिंचेची शेंग म्हणायचे. मंदारची बायको गौरी तिच्याकडे नुसती धास्तीने बघायची.

कारण मंदारने चार वर्षांच्या लेकीला, मितालीला, शब्द देऊन ठेवला होता. "पाऊस लागायच्या आत धरणावर. तू पुढे, मी मागे."

झालं! त्या दिवसापासून गौरीच्या डोळ्याला डोळा लागेना. "लाइफ जॅकेट आणलं ना," एवढं एकच उत्तर मंदारकडे होतं, आणि ते जॅकेट मितालीच्या अंगात उशीच्या अभ्र्यासारखं गोल फिरायचं. गौरी रसायनशास्त्रातली बी.एस्सी. घरात आलेल्या प्रत्येक बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची तिला सवय. बोटीला लावायच्या इपॉक्सीच्या, त्या रेझिन-हार्डनरच्या लेपाच्या, डब्यातला कागदही तिने दोनदा वाचून काढला. घरात तो वाचणारी ती एकटीच. बोटीचं काहीतरी आपोआप बिनसावं आणि आपल्यावर वाईटपणा येऊ नये, एवढीच तिची इच्छा होती.

शेवटचं काम राहिलं होतं: उलट्या कयाकवर काचेच्या धाग्याचं पांढरं कापड अंथरायचं आणि त्यात इपॉक्सी जिरवायची. ती वाळली की लाकडाला पाणी लागायचं नाही. मे महिन्याचं ऊन म्हणून मंदारने पहाटेचा मुहूर्त धरला. शनिवारी संध्याकाळीच कापड नीट ताणून अंथरलं आणि सकाळी सहाला बशीरभाईंना बोलावलं. बस स्टँडमागे कुलरच्या फायबर टाक्या दुरुस्त करणारे बशीरभाई म्हणजे या कामातला वस्ताद माणूस.

रविवारी सहाला सगळे गच्चीवर पोचले, तर सासूबाई सोऱ्या धुवत बसलेल्या. आणि कयाकवर, शेंड्यापासून बुडापर्यंत, ओल्या कुरडया.

"आई!" मंदार ओरडला.

"वरडतो कायले? पांढरं धुवट कापड, वर असं उतरतं, पाणी निथळून राह्यलं मस्त. मले काय माहीत ते तुया डोंग्याचं लुगडं आहे म्हणून? मले वाटलं, पोरानं आईसाठी केलं."

"अम्मा, हे काच आहे काच!" बशीरभाईंनी कपाळाला हात लावला. "खाल्ली तर घशात खाज सुटते."

"म्हणून पहाटेपासून हात खाजून राह्यले का माये!" सासूबाई म्हणाल्या आणि दोन्ही कोपरं पदराला घासू लागल्या.

ओली कुरडई ओढली की कापडाचे धागे सरकत होते, आणि दुसरं कापड मागवायचं तर नागपूरहून आठ दिवस. कुरडया वाळायची वाट बघणं आलं. एका कयाकभोवती चार माणसं खुर्च्या टाकून बसली. चहा झाला. पोहे झाले. सासूबाई मधूनमधून उठून कुरडया दाबून बघत आणि "अजून नाही" असा डॉक्टरसारखा निकाल देत. साडेनऊला एकेक निघू लागली. गौरीने प्रत्येक मोजून फेकायच्या पिशवीत घातली, वर गाठ मारली. अकरा.

"टाकल्या किती होत्या, आई?"

"बारा."

बारावी मागच्या टोकाला, डाव्या बाजूला घट्ट चिकटून बसली होती. तेवढ्यात ऊन चढलं, आणि बशीरभाईंनी घाई केली. रेझिनचा मोठा मग भरला, त्यात ते कडक करणारं हार्डनर ओतलं. इतकुसं. चहात साखर घालावी तेवढं.

"उन्हाळ्यात कमीच टाकायचं, साहेब," ते ढवळत म्हणाले. "वीस वर्सापासून करून राह्यलो मी. जास्त टाकलं का मगातच गोटा होते."

गौरीला डब्यातला कागद आठवला. कुलरच्या टाकीचं रेझिन वेगळं. इपॉक्सीच्या मापाला ऊन-थंडी कळत नाही. दोन मापं रेझिनला एक माप हार्डनर, थेंबभरही कमी नाही. कागदावर ठळक छापलं होतं. कमी पडलं तर ती कधीच वाळत नाही. कधीच!

म्हणजे बोट पाण्यात जाणार नाही. मिताली बोटीत बसणार नाही. आणि गौरीला त्यासाठी करायचं काय? काहीच नाही. गप्प उभं राहायचं. आयुष्यात इतकं सोपं काम तिला कोणी दिलं नव्हतं.

बशीरभाई ढवळत होते.

"चाचा, हे कधी वाळंल?" मितालीने विचारलं.

"शाम तक कडक, बेटा."

गौरीला पुढचं सगळं दिसू लागलं. बोट पावसाळाभर गच्चीवर चिकचिकत पडली आहे. मिताली रोज तिला हात लावते आहे आणि तोच हात तोंडात घालते आहे. बोटीला पिसं चिकटली, पतंग चिकटला, एक अख्खा कावळा चिकटला आहे. कावळा सोडवायला गेलेल्या सासूबाई चिकटल्या आहेत. आणि मंदार रोज सकाळी वर जाऊन तिला हाताचं एक बोट टेकवतो आहे, खाली येऊन सांगतो आहे, "आज जराशी कमी चिकटते, नाही?" रोज. दिवाळीपर्यंत.

हे काही तिच्याच्याने बघवलं नसतं.

"थांबा!" ती इतक्या जोरात ओरडली की समोरच्या गच्चीवरच्या बाई वाळवण टाकून कठड्याशी आल्या. "बशीरभाई, तो मग खाली ठेवा! दोनास एक!"

"भाभी, मी वीस वर्सापासून..."

"तुमची टाकी वेगळी, हे वेगळं! मंदार, मापाचा पेला आण. मितालीला खाली सोड आणि जिन्याच्या दाराला कडी लाव. आई, तुम्ही कशालाही हात लावू नका!"

"मी कायले लावू? माये हात अजून खाजतेच."

गौरीने स्वतः माप घेतलं, स्वतः ढवळलं. मगाला हात लावला तर तो तापू लागलेला. "मगात ठेवू नका, लवकर ओता, पसरवा!" मंदार ओतू लागला, बशीरभाई पट्टीने पसरवू लागले. पांढरं कापड बघता बघता काचेसारखं पारदर्शक झालं आणि खालचं लाकूड मधासारखं उजळलं. गौरीला, मनात नसताना, ते सुंदर वाटलं.

"अगं, ती कुरडई!" मंदार ओरडला. "ती राहिली!"

"आता वेळ नाही. वरून ओत!"

संध्याकाळी बोट वाजवली तर टणटण आवाज. बशीरभाईंनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि शांतपणे म्हणाले, "भाभी, याची झेरॉक्स देजा मले."

पंधरा दिवसांनी टेम्पोत घालून बोट धरणावर नेली. आधी आपण बसणार, अशी गौरीची अट. जॅकेट घातलं, कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक काठावर उभ्या सासूबाईंच्या हातात दिलं. तिने वल्हं मारलं. बोट सरळ निघाली, मग हळूच डावीकडे वळली. तिने उजवीकडे जोर लावला. बोट आणखी डावीकडे. एक मोठा गोल घेऊन ती सासूबाईंच्या पायाशी येऊन टेकली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"कुरडई," मंदार हताशपणे म्हणाला. "मागे उंचवटा राहिला ना डावीकडे. पाणी अडतं तिथे. घरी नेऊन घासून काढतो, मग जाईल सरळ, पार मधोमध."

गौरी बोटीतून उतरली नाही. तिने आधी धरणाच्या मधोमध पाहिलं, मग सासूबाईंच्या पायाशी टेकलेल्या टोकाकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आले.

"खबरदार त्या कुरडईला हात लावशील तर," ती म्हणाली. "मिताली, ये बाळा. पुढे बस."