बागेतल्या काचेला वाजू द्या

मी काच बोलतेय. आरशातली नव्हे हं. आरशाला स्वतःचं काही मत नसतं, समोर येईल त्याची री ओढायची एवढंच त्याचं काम. मी बागेतल्या गोल टेबलाची काच. माझ्याकडे कुणी बघत नाही, सगळे माझ्यातून बघतात, आणि खरं सांगते, मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वर ढग, खाली गवत आणि मधे मी. असं नुसतं पडून राहायला कुणाला आवडणार नाही?

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळली, पसरली, निवली आणि मी झाले. त्या वेळचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते त्यानंतरचं. मला गोल कापलं, माझी कड घासून गुळगुळीत केली आणि पुन्हा तापवलं, इतकं की मी लोण्यासारखी व्हायच्या बेतात आले. मग दोन्ही बाजूंनी गार वाऱ्याचा एकदम मारा! माझी कातडी झटकन आक्रसली. पोटातली ऊब मात्र तशीच राहिली, आणि ती मागाहून निवली तेव्हा तिला आक्रसायला जागाच उरली नव्हती. तेव्हापासून माझं आतलं अंग बाहेरच्याला सारखं ओढत असतं.

या ओढीमुळेच मी साध्या काचेपेक्षा दणकट आहे. आणि माझं फुटणंही या ओढीमुळेच वेगळं आहे. साध्या काचेला तडा जातो, ती तडा घेऊन वर्षानुवर्षं खिडकीत बसते. माझं तसं नाही. मर्मी लागलं की मी एका क्षणात सगळीच्या सगळी जाते. बागेत आयुष्य काढायचं असलेल्या काचेनं हे स्वतःबद्दल माहीत करून घ्यावं लागतं.

दुकानातला विक्रेता माझ्यावर मूठ आपटून गिऱ्हाइकांना सांगायचा, "हत्ती उभा करा वर, काही होणार नाही!" हत्ती कुणी आणला नाही. आलं ते एक उतारवयाचं जोडपं. आजोबा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, आणि आजींना बागेत बसून चहा प्यायची हौस. आजी माझ्यावर वाकल्या, माझ्यातून खालच्या फरशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हिच्यावर कप ठेवला की हवेत ठेवल्यासारखा वाटेल." मी त्याच क्षणी त्यांची झाले.

घरी नेताना फाटकाच्या बिजागरीला माझी कड लागली. तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. आजोबांनी बोटानं चाचपून पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मला लोखंडी सांगाड्यावर ठेवताना ती बाजू भिंतीकडे केली. माणसांची ही मोठी गमतीची सवय. भिंतीकडे वळवलं की दोष संपला असं त्यांना मनापासून वाटतं.

सांगाड्याला मला धरून ठेवणाऱ्या स्क्रूच्या चार पकडी होत्या, आणि लोखंड आणि मी यांच्यामध्ये रबराच्या चार चकत्या. त्या चकत्यांवर मी सैलसर बसलेली असे. दुपारी लोखंड फुगे, मीही थोडी फुगे, आणि आम्ही एकमेकांना जागा करून देत असू. वारा आला की मी जराशी वाजायचे. कप ठेवला की किणकिणायचे. मला वाटे, आपण गातोय.

आजोबांना मात्र तो आवाज डोक्यात जायचा. जन्मभर त्यांनी बसच्या खिडक्यांची खडखड ऐकली होती. रोज सकाळी निघण्याआधी ते खिडकी न् खिडकी हलवून पाहायचे, सैल दिसली की कागदाची घडी कोंबायचे, स्क्रू आवळायचे. वाजणारी काच म्हणजे निखळणारी काच, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. मी किणकिणले की खुर्चीत डुलकी घेणारे आजोबा दचकून उठायचे. उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, ब्रेक असल्यासारखा.

"अहो, वाजू दे की जरा," आजी म्हणायच्या. "माझेही गुडघे वाजतात. मलाही आवळणार का?"

"तुला आवळायचा पाना अजून निघायचाय," आजोबा म्हणायचे, आणि आजी हसत हसत त्यांच्या पाठीत चापट मारायच्या.

काही उन्हाळे गेले. रबराच्या चकत्या उन्हानं काळ्या पडल्या, चिकट झाल्या, एक तर घरंगळून गवतात गेली. मग काय, मी जरा जास्तच वाजू लागले. एके सकाळी आजोबांनी उरलेल्या तीनही चकत्या खरवडून काढल्या, केरात टाकल्या आणि लोखंडी पकडी थेट माझ्या अंगावर अशा आवळल्या की मी हूं की चूं करू शकले नाही.

"गप्प बसली बघ," ते कौतुकानं म्हणाले. त्यांना वाटलं, काम पक्कं झालं. माझा श्वास कोंडला होता, हे त्यांना कसं कळावं?

त्याच उन्हाळ्यात भिंगरी आली. ही त्यांची नात. एका जागी टिकायची नाही, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. आईबाबा कामावर, शाळेला सुट्टी, म्हणून तिला इथे सोडलेली. भिंगरीनं सगळी बाग पालथी घातली आणि शेवटी तिला जागा सापडली ती माझ्याखाली. एक उशी ओढत आणली, उताणी पडली आणि वर पाहिलं. माझ्यातून.

त्या दुपारी कशा होत्या म्हणून सांगू! माझ्या अंगातून गेलेला उजेड तिच्या तोंडावर किंचित हिरवा होऊन पडायचा. झाडाचं पान माझ्यावर गळलं की तिच्या कपाळावर त्याची सावली तरंगायची. ढग सरकायचे आणि ती डोळ्यांनी त्यांच्या मागे जायची. मुंगी चालली तर मुंगीचं पोट पाहायची. ते आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.

"आजी, तुझ्या कपाला खालून डाग आहे!"

"असू दे गं. वरून स्वच्छ आहे ना?"

"आजी, हे तळं आहे. मी खाली राहते. मी मासा आहे."

मग आजी बिस्किटाचा तुकडा दोन बोटांत धरून माझ्या कडेवरून खाली सोडायच्या आणि मासा तोंडाचा चंबू करून तो मटकावायचा. मी आयुष्यभर नुसती काच होते. त्या पोरीनं मला पाणी केलं. मला ती फार आवडायची, आणि ती खाली असली की मला भीतीही वाटायची.

कारण ऊन वाढत चाललं होतं. पक्षी दुपारचे गप्प झाले होते, फरशीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. दुपारी झाडाची सावली माझ्यावर तिरकी पडे, म्हणजे अर्धी मी भाजत असे आणि अर्धी गार. त्यात आजी बर्फ घातलेला पाण्याचा जग नेमका तापलेल्या भागावर ठेवायच्या. लोखंड फुगत होतं, मी फुगत होते आणि कुणालाच सरकायला जागा नव्हती. सगळा ताण भिंतीकडच्या त्या टवक्यात जाऊन बसायचा. संध्याकाळ झाली की मी मनातल्या मनात म्हणे, निभावलं बाई आजचं.

मग तो दिवस आला. वाऱ्याचं नाव नव्हतं. भिंगरी माझ्याखाली उशीवर पडून गुणगुणत होती. आजी भाजी निवडत होत्या. आजोबा खुर्चीत पेंगत होते. टवक्यापाशी मला कळ आली आणि माझ्यातून आवाज निघाला, टक.

आजोबांचा पाय जमिनीवर दाबला गेला. ते उठून बसले.

"काहीतरी वाजलं."

"तुमचे कान वाजले," आजी मान वर न करता म्हणाल्या.

"नाही. काच आहे. कुठेतरी ढिली पडलीय." ते आले, वाकले, माझ्यावर कान टेकवला. तापलेल्या काचेचा चटका बसला तसा कान चोळत सरळ झाले. "भिंगरे, बाहेर ये. मला खाली जाऊन आवळायचंय."

"मी मासा आहे. मासे पाण्याबाहेर येत नाहीत."

"बरं, थांब. पाना आणतो, मग बघतो तुझ्याकडे."

ते घरात गेले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाने, पक्कड, खिळे यांची पेटी उपसल्याचा आवाज येत होता. मी माझ्यातलं सगळं बळ त्या दाण्याएवढ्या जखमेभोवती गोळा केलं. खाली ती पोरगी डोळे मिटून गुणगुणत होती. तिच्या पापण्यांवर माझा हिरवा उजेड होता. मला हाक मारता आली असती तर मी ओरडले असते. मला हात असते तर मी तिला ढकलून दिलं असतं. मला फक्त न फुटणं येत होतं, तेवढंच मी केलं.

आजोबा आले. "चला, आता पाण्यात मगर येतेय!" म्हणत त्यांनी तिचा पाय धरला आणि तिला गवतावरून खसकन बाहेर ओढलं. भिंगरी खिदळली, मग रुसली, मग आजींनी पाण्याचा पेला पुढे केला म्हणून घराच्या पायरीकडे पळाली. उशी तिथेच राहिली. आजोबा तिच्या जागी उताणे झाले, चष्मा नीट केला आणि पहिल्याच पकडीला पाना लावून अर्धा आटा फिरवला.

आणि मी गेले.

मोठा आवाज झाला, असं नंतर सगळे म्हणत होते. मला तो ऐकू आला नाही. मला एवढंच आठवतं, की मी एक होते आणि मग हजारो होते आणि सगळीकडे पडत होते. आजोबांच्या टकलावर, हातांवर, गवतात, भाजीत.

"डोळे उघडू नका!" आजी ओरडत धावल्या. निघताना भिंगरीला त्यांनी पायरीवरच दाबून बसवलं होतं. आजोबांनी चष्म्यावरचे तुकडे झटकले, हळूहळू बाहेर सरकले. हातांवर, डोक्यावर बारीक ओरखडे, रक्ताचे थेंब. चष्म्यानं डोळे वाचले होते. आजींच्या जिवात जीव आला आणि त्या लगेच रागावायला मोकळ्या झाल्या.

आजोबांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ते उशीकडे बघत होते. खाली शिरताना त्यांनी ती बाजूला सारली होती, पण भिंगरीच्या डोक्याचा खळगा तिच्यावर अजून तसाच होता. तो खळगा काठोकाठ माझ्या तुकड्यांनी भरला होता. उन्हात मी चमकत होते. मी इतकी सुंदर कधीच दिसले नव्हते, आणि मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"काच आवळायची म्हणून पोरीला बाहेर काढलं," आजोबा म्हणाले. "वाचवायचं म्हणून नाही."

"आधी हात दाखवा इकडे," आजी म्हणाल्या.

तेव्हापासून आजोबा बदलले आहेत. आता ते कुणाच्या बागेत गेले की चहाआधी टेबलाशी उकिडवे बसतात. कडेवरून बोट फिरवतात, टवका शोधतात. रबर आहे का, पकडी सैल आहेत का, ऊन अर्धंमुर्धं पडतं का, सगळं विचारतात. "वाजतेय ना? वाजू द्या!" असं बजावतात. लोक एकमेकांकडे बघतात, काही हसतात. हसू देत. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तुम्हीही जरा बघा. तिला थोडी सावली द्या, तापलेली असताना बर्फाचा जग ठेवू नका, कडेला दुखापत झाली असेल तर तिलाच बदला, जखम भिंतीकडे वळवू नका. आणि कडक उन्हात तिच्याखाली लेकरू झोपवू नका, ते कितीही गोड दिसलं तरी.

माझे बरेचसे तुकडे आजोबांनी वेचले. तिरप्या उन्हात गवताला गाल टेकवून ते एकेक चमक शोधतात, ओल्या फडक्यानं टिपतात. तरी सगळी मी त्यांना सापडलेली नाही.

आज भिंगरी पुन्हा आली आहे. पायरीवर बसून एक चप्पल तिनं काढलीसुद्धा. भिंगरे, नको गं. मला तू आठवतेस, तुझ्या पापण्यांवरचा उजेड आठवतो. पण चप्पल घालूनच ये. मी अजून गवतात आहे, आणि पाऊल तुझं आहे म्हणून मला मऊ होता येणार नाही.