प्यालेल्या गाईचं दूध

चिंचनाळच्या दूध डेअरीवर त्या दिवशी सकाळी सुमनबाईची किटली परत ढकलली गेली. दुधात पाणी होतं म्हणून नव्हे, फॅट कमी लागली म्हणूनही नव्हे. गाय पिते म्हणून.

"कोण पितं?" सुमनबाईनं विचारलं.

"तुझी गाय," चेअरमन अण्णाराव म्हणाला, आणि रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाला. "अक्का, दारूबंदीचं गाव हाय हे. तूच केलीस ना बंदी? मग गाईला सूट कशी काय?"

बंदी सुमनबाईनंच केली होती, यात खोटं काही नव्हतं. देवणीपासून आत, मांजरेच्या अंगाला असलेल्या या गावात गेल्या वर्षी बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दारू राहू द्या, आडवी म्हणजे दुकान उठवा. सुमनबाई दारोदार फिरली, म्हाताऱ्या बायांना हाताला धरून केंद्रावर घेऊन गेली आणि बाटली अशी आडवी पाडली की ती परत उठली नाही. दुकान अण्णारावच्या मेव्हण्याचं होतं. निकालाच्या दिवशी गावातले बाप्ये असे बसले होते, जसं काही कुणाला नुकतंच पोचवून आलेत. दोघातिघांनी तर दाढीसुद्धा वाढवली.

आणि आता ही गाय.

गाय सुमनबाईच्या गोठ्यातली शेवरी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, अस्सल देवणी जातीची. व्याली आणि तिनं खाणं सोडलं. कडब्यापुढं अशी उभी राहायची, जसं लग्नात मानपान न झालेला जावईबापू. देवणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मालविकाबाईंनी तपासलं आणि यीस्टची भुकटी चालू करायला सांगितली. "बिअर करून झाली की हौदाच्या तळाला हे उरतं. वाळवून भुकटी करतात. नशा काही राहत नाही त्यात. पोटातले चांगले जंतू जोर धरतात, चारा पचतो, भूक लागते." सुमनबाईनं उदगीरच्या पेंडीच्या दुकानातून पोतं आणलं. गाय खरोखर खायला लागली. दूधही चढायला लागलं.

पोत्यावर गाईचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'बिअर उद्योगातील शुद्ध वाळवलेले यीस्ट'. ते सुमनबाईच्या नवऱ्यानं, आदिनाथनं, वाचलं. मग पारावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. गाईच्या आजारपणात त्याची एवढीच काय ती मदत झाली.

"नशा न्हाई त्यात," सुमनबाई म्हणाली. "डाक्टरीणबाईला फोन लाव हवं तर."

"बिअरीतलं हाय का न्हाई, तेवढं सांग," अण्णाराव म्हणाला.

"हाय, पण..."

"झालं तर मग!"

"आरं, मळीची बी दारू होती की! अन् ती मळी घातलेली पेंड तूच विकून राहिलास ना आम्हाला?"

अण्णारावनं क्षणभर विचार केला. "त्या पोत्यावर बिअर लिवलेलं न्हाई," तो म्हणाला. "लेकरं पितात गावची हे दूध, अक्का. उद्या अंगणवाडीत झिंगली तर कुणी निस्तरायचं? मी बीटच्या पोलिसाला फोन केलाय. पोतं आण इथं."

सुमनबाईनं रांगेशेजारी उभ्या असलेल्या आदिनाथकडं पाहिलं. आदिनाथनं किटलीकडं पाहिलं. शेवटी तीच घरी गेली, पोतं डोक्यावर घेऊन आली आणि डेअरीच्या ओट्यावर आदळलं.

पोलीस यायला वेळ होता. गावाला तेवढा धीर कुठला? दगडोबा पुढं झाला. हा दगडोबा म्हणजे बाटली उभी होती तेव्हाचा गावचा सगळ्यात मोठा पिणारा. बंदीपासून नुसता उन्हात बसून असायचा.

"तपासून बघावं लागंल," तो गंभीरपणे म्हणाला आणि मूठभर भुकटी तोंडात टाकली.

दगडोबानं चावलं. तोंड कडूझार झालं असावं, पण त्यानं ते मोठ्या निष्ठेनं गिळलं. डोळे मिटले. मग हळूच हात लांबवून पत्र्याच्या खांबाला धरलं.

"आली," तो म्हणाला.

पुढचं कुणाला आवरलं नाही. बाप्यांची रांग लागली, दुधाच्या रांगेपेक्षा शिस्तीची. कुणी मूठ भरून, कुणी धोतराच्या सोग्यात घेऊन, कुणी नुसतीच बोटं चाटून. थोड्याच वेळात डेअरीपुढं अशी धुंदी चढली की बघवेना. एक जण आकाशाकडं बघून रडायला लागला. बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोघा भावांनी एकमेकांना मिठी मारली आणि मिठीतच बांधाचं भांडण पुन्हा चालू केलं. रांगेत आदिनाथही होता. तो परतला तेव्हा त्याचे पाय वेगवेगळ्या दिशेला चालले होते.

"अगं सुमन," शेजारची गौरम्मा ओरडली, "पोतं रिकामं करून राहिले की गं मुडदे!"

सुमनबाई धावली. पोत्याच्या तोंडाशी वाकलेल्या दोघांना मानगुटीला धरून मागं ओढलं. आत हात घातला तर तळ लागला. महिनाभर पुरणारं गाईचं खाणं गावानं चाटून पुसून खाल्लं होतं.

"अक्का," दगडोबा खांबाला मिठी मारून म्हणाला, "तूच आमची माय. तूच बंद केलीस अन् तूच चालू केलीस."

गलका ऐकून बाया जमा झाल्या होत्या. याच बाया गेल्या वर्षी तिच्यासोबत दारोदार फिरल्या होत्या. त्यांनी आपापले झिंगलेले नवरे बघितले, पोतं बघितलं आणि मग सुमनबाईकडं बघितलं. "तू आणलीस व्हय गं ही?" एकीनं विचारलं. सुमनबाईनं रिकामं पोतं उलटं करून त्यांच्यापुढं झटकलं.

"बघून घ्या," अण्णाराव म्हणाला. "मी कशाला खोटं बोलू? गाव डोलून राहिलंय तुमच्या डोळ्यापुढं."

तेवढ्यात बीटचा शिपाई मोटारसायकलवरून आला. उदगीर रस्त्यावरच्या नाकाबंदीतून तसाच आला होता, त्यामुळं फुंकायचं मशीन त्याच्याजवळच होतं. त्यानं एकेकाला फुंकायला लावलं. दगडोबा, शून्य. रडणारा, शून्य. दोघं भाऊ, शून्य आणि शून्य. आदिनाथनं तर गाल फुगवून डोळे बाहेर येईस्तोवर फुंकलं. शून्य.

"कुणीच पिलेलं न्हाई," शिपाई म्हणाला.

बाप्यांना हा अपमान सहन झाला नाही.

"मशीन बिघडलंय!"

"साहेब, जल्म गेला माझा पिण्यात," दगडोबा खांब न सोडता म्हणाला. "मला चढल्याली कळत न्हाई व्हय?"

"मशीन चांगलं हाय."

"कशावरनं?"

शिपाई वैतागला. "आता ते दाखवायला खरा पिलेला माणूस लागतो. तो कुठनं आणू मी दारूबंदीच्या गावात?"

"त्यात काय," दगडोबा म्हणाला. "अण्णारावला फुंकवा की."

अण्णारावचं तोंड उतरलं. "मी... मी भुकटीला हात बी लावला न्हाई."

"म्हणून तर!" तीन-चार जण एकदमच म्हणाले. आणि त्यांना मशीनची इतकी काळजी लागली होती की त्यांनी अण्णारावला दोन्ही बाजूंनी धरून पुढं आणलं. अण्णारावनं श्वास कोंडून धरला. पण माणूस किती वेळ धरणार? शेवटी सुटला, आणि मशीन असं किंचाळलं की डेअरीमागचं कुत्रं उठून बसलं.

"चालू हाय की!" बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. मग याचा अर्थ एकेकाच्या ध्यानात यायला लागला. दगडोबानं खांब सोडला. तो सरळ उभा राहू शकत होता. हे कळल्यावर त्याचा चेहरा जो पडला, तो बाटली आडवी झाली त्या दिवशीही पडला नव्हता.

मग हशा पिकला. बाया हसल्या, शिपाई हसला, खुद्द अण्णारावही हसायला लागला. सुमनबाई तेवढी हसली नाही.

"ठाऊक होतं तुला?" तिनं आदिनाथला विचारलं.

"सगळ्यांनाच ठाऊक हाय. डेअरीच्या मागच्या खोलीत बाटली असती त्याची. तुला कुणी सांगितलं न्हाई. तू चिडतीस म्हणून."

रोज सकाळी ती ज्या भिंतीच्या अलीकडं दूध ओतायची, त्याच भिंतीच्या पलीकडं. वर्षभर. सगळ्या गावाला ठाऊक.

"उदगीरची बस धर," ती आदिनाथला म्हणाली. "नवं पोतं घेऊन ये. अन् वाचू नको."

आदिनाथ निघाला. पाय आता एकाच दिशेला चालले होते.

"जाऊ दे की अक्का," अण्णाराव जवळ येऊन म्हणाला. "गंमत झाली, हसून सोडायचं. उद्या घाल तुझं दूध, मी स्वतः मोजतो."

"उद्या न्हाई. आज."

तिनं किटली ओट्यावर ठेवली. सकाळपासून उन्हात होती. झाकण काढलं तशी आंबूस वाफ आली आणि पुढचे लोक हसायचे थांबून दोन पावलं मागं सरले. सुमनबाईनं डेअरीच्या फळीवरचा पेला घेतला, बुडवला, वरपर्यंत भरला आणि अण्णारावच्या पुढं धरला.

"पी. चढती का बघू."

"अक्का, खामखा कशाला..."

"लेकरांची काळजी हाय ना तुला? पी. गावाला बघू दे."

अण्णारावनं शिपायाकडं पाहिलं. शिपाई मशीन पुसत होता. बाप्यांकडं पाहिलं, पण त्यांना त्याच्यापेक्षा निकालाची उत्सुकता होती. त्यानं पेला तोंडाला लावला. घोटाघोटाला त्याचा गळा वर-खाली होत होता आणि मिशीला गुठळ्या लागत होत्या.

"ताई," शिपाई हळू आवाजात म्हणाला, "नासलंय ते."

"मला ठाऊक हाय," सुमनबाई म्हणाली, आणि तिनं रिकामा पेला अण्णारावच्या हातातून घेऊन पुन्हा किटलीत बुडवला.