भिंगावरचा डाग

मित्रांनो, हसू नका, पण मी लघवीच्या वाटेने शरीरात शिरून बघणारी एक जुनी दुर्बीण आहे. तारे बघणाऱ्या माझ्या बहिणींचा थाट मोठा. माझ्या नशिबी माणसाचं मूत्राशय. पेन्सिलीएवढी बारीक पोलादी नळी आणि टोकाला इवलंसं भिंग, एवढाच माझा जीव.

१९९१ साली मी वसईतल्या एका छोट्या इस्पितळात डॉक्टर सुमेध यांच्याकडे आले. तेव्हा माझे काय लाड! इस्पितळातल्या जयवंतीमावशी भिंग मऊ कापडाने पुसायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि माझे हाल कुत्रं खाईना. औषधाच्या पाण्यात बुचकळायचं, की पेटीत टाकायचं. भिंगावर डाग पडला. कामाच्या रगाड्यात डॉक्टरही तसंच चालवून घेऊ लागले.

सत्त्याण्णव साली आगाशीचे बर्नार्ड आले. केळीचे बागायतदार. वर्षापूर्वी दुसरीकडे त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून सारखा ताप, लघवीला जळजळ. पुढच्या मे महिन्यात लेकीचं, स्टेफीचं लग्न होतं. तिचा हात धरून तिला चर्चच्या वेदीपर्यंत न्यायची त्यांना कोण हौस!

"आणखी काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"लघवीतून जरा हवा..."

"अहो, गप बसा!" त्यांची बायको लिडिया लाजून पुटपुटली. "डॉक्टरांसमोर असलं बोलतात का?"

बर्नार्ड वाक्य अर्धंच सोडून तपासणीच्या टेबलावर जाऊन आडवे झाले.

मी आत गेले. मूत्रमार्गाच्या मागच्या बाजूला काळा ठिपका होता. ते भोक होतं, थेट गुदाशयात उघडणारं. लघवीतून हवा यायची ती तिथूनच. पण डॉक्टर म्हणाले, "हा भिंगाचाच डाग." अहो, मला जरा हलवायचं होतं! डाग माझ्याबरोबर सरकला असता, भोक जागच्या जागी राहिलं असतं. मी मेली मुकी, सांगणार कशी?

आठ महिने नुसत्या गोळ्या चालल्या. मग लघवी मागच्या वाटेने झिरपू लागली. बर्नार्डनी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेला जाणं सोडलं. लग्नाच्या दिवशीही ते ओल्या कपड्यांत घरीच बसून राहिले. स्टेफीला वेदीपर्यंत तिच्या फेबियनकाकांनी नेलं.

त्यानंतर मात्र लिडियाने लाज गुंडाळून ठेवली आणि डॉक्टरांना रडत रडत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मूत्राशयात निळा रंग सोडला, गुदाशयात पांढरी पट्टी ठेवली. पट्टी निळी होऊन आली. आधी पोटावर पिशवी लावून शौचाची वाट वळवली. तीन महिन्यांनी दोन्ही मार्ग एकमेकांपासून सोडवून, वेगवेगळे शिवून, मध्ये मांडीच्या स्नायूचा पट्टा घातला. पुढे पोटावरची वाटही बंद केली. बर्नार्ड खडखडीत बरे झाले.

शेवटच्या तपासणीला त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे भोक पहिल्यांदा दिसलं नव्हतं?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "दिसलं होतं. मला डाग वाटला."

बर्नार्ड रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "लेक गेली मस्कतला. आता परत थोडीच नवरी होणार?" ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, आता मी मोडीत निघाले आहे. पदर पसरून एकच मागते. हातातलं अवजार पुसून ठेवत जा. आणि कुणी आपलं दुखणं सांगायला तोंड उघडलं, तर त्याला गप्प करू नका. बर्नार्ड बोलत होते हो!