दुसरी वाटी

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी बारा वर्षं काढली. हात धुतल्याशिवाय डॉक्टरलासुद्धा आत येऊ देत नसे. मग त्यांना राग आला तर येवो. म्हणून थोरल्या बहिणीला तिथे ठेवलं तेव्हा मी निर्धास्त होते. ताई माझ्याच हातचं जेवणार होती.

मंगळवारी सकाळी चिकनचं सूप खदखदून उकळलं. मोठं पातेलं झाकून वर जुनं ब्लँकेट गुंडाळलं. संध्याकाळी पुन्हा उकळलं की म्हाताऱ्यांची तोंडं पोळतात आणि मग कुरकुर सुरू. त्यापेक्षा सकाळचंच कोमट वाढायचं, ही माझी युक्ती. ताईला तळातले जाड तुकडे शोधून घातले, वर दुसरी वाटी. बहिणीचा एवढाही वशिला नको?

बुधवारी सकाळी चौदा जणांना जुलाब लागले. तेरा जण दोन दिवसांत सावरले. ताईच्या अंगातलं पाणी इतकं गेलं, की तिची किडनी बंद पडली.

अन्न तपासायला आलेली बाई माझ्या मुलीच्या वयाची. "उकळलं होतं हो!" मी तिच्यावर ओरडले.

"मावशी, काही जंतू उकळूनही मरत नाहीत. कवचात दडून बसतात. अन्न तासन्‌तास कोमट राहिलं, की बाहेर येऊन वाढतात. खोल पातेलं, त्यावर ब्लँकेट, म्हणजे त्यांची चंगळच. उथळ भांड्यांत काढून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचं. वाढताना पुन्हा चांगलं उकळायचं. निववायचं ते वाटीत."

निववायचं ते वाटीत. एवढंसं! बारा वर्षं मी फरशी घासत बसले आणि हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. स्वतःचीच चीड आली, पण ती घेऊन जायचं कुठे?

आज हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं, आता फार वेळ नाही. मी आत गेले. ताईने माझा हात धरला.

"तुझ्यावर ढकलतील गं हे लोक," ती कशीबशी म्हणाली. "तू ऐकून घेऊ नकोस. मी सांगेन त्यांना, माझ्या बहिणीच्या हातचं आजवर कुणाला बाधलेलं नाही."

खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण काय सांगू? की तुला मी निवडून निवडून वाढलं?

"हो ताई," मी म्हणाले. "तू सांग त्यांना."