मास्तरांचा भोंगा

"पाना द्या, बाबा," बॉनेटखालून लेकीनं हात बाहेर काढला.

मास्तरांनी पाना पाठीमागे लपवला. सत्तरी उलटलेला माणूस, सारी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलेली, आणि उभा कसा, तर गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा.

"ब्रेक बघ, दिवे बघ, वायपर बदल. भोंग्याला हात लावायचा नाही."

"उद्या तपासणीला साहेबांनी हा ऐकला ना, की गाडी नापास. ट्रकचा भोंगा आहे हा! आधीच पंचवीस वर्षांची गाडी, तिचे लाड करायला तिथे कोणी बसलेलं नाही."

लेक बसच्या कारखान्यात मेकॅनिक होती. दर पाच वर्षांनी तपासणी आली की दोन दिवसांची रजा काढून माहेरी यायची आणि म्हाताऱ्या गाडीला न्हाऊमाखू घालायची. बापाचं तिच्यापुढे काही चालत नसे. आज मात्र मास्तर हटून बसले होते.

त्याला कारण होतं. सात-आठ वर्षांपासून मास्तरीणबाईंचे कान हळूहळू जात चालले होते. आधी दारावरची घंटा ऐकू येईनाशी झाली, मग फोन, मग माणसं. कानाचं यंत्र आणलं, तर "कानात मुंगी फिरते" म्हणून ते कपाटात जाऊन पडलं. गाडीचा साधा हॉर्नही त्यांना ऐकू येईना, आणि दुखरा गुडघा घेऊन मास्तर फाटकाबाहेर ताटकळायला लागले. शेवटी त्यांनी भंगारातून हा भोंगा शोधून आणला आणि गाडीत बसवून घेतला. पहिले दोन दिवस काही उपयोग झाला नाही. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं, जेवणही गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र कोपऱ्यावर भोंगा वाजला आणि फाटक उघडलं! त्या दिवसापासून एकदाही चुकलं नव्हतं. भोंगा वाजवताना मास्तर नुसत्या हातानं दाबत नसत, अख्खं अंग घालत. खांदे पार कानांपर्यंत चढायचे. शेजारीपाजारी बोटं मोडायचे. मास्तरांना काडीची पर्वा नव्हती.

"मी हाक मारली तर ती वळत नाही गं आता," मास्तर हळूच म्हणाले. "माझं म्हणून एवढं एकच ऐकते. तेही काढून घेतेस?"

लेकीनं बॉनेटखालून डोकं काढलं. फडक्याला हात पुसले.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या पास झाली की घरी आल्याआल्या मी स्वतः बसवून देते. शप्पत!"

मास्तरांनी पाना दिला.

भोंगा निघाला, त्याच्या जागी लहान हॉर्न बसला. तारांमधली काळी डबी काढून लेकीनं ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "ही हरवू नका. भोंगा हिच्यातूनच जोडायचा. थेट जोडलात तर फ्यूज उडेल."

"कळतं मला," मास्तर फणकारले. आणि तिची पाठ वळताच त्यांनी भोंगा फडक्यात गुंडाळून डिकीत टाकला.

दुसऱ्या दिवशी गाडीनं लाज राखली. ब्रेक लागले, दिवे लागले, धूरही बेताचा निघाला. साहेबांनी शेवटी हॉर्न दाबला. पीं!

"म्हातारी ठणठणीत आहे," म्हणत त्यांनी कागदावर शिक्का मारला.

लेक खूश झाली. मास्तर मात्र घुम्यासारखे गाडी चालवत राहिले. "पिपाणी नुसती," एवढंच एकदा पुटपुटले. वाटेत लेक संत्री घ्यायला उतरली आणि परत आली, तर बाप बॉनेट बंद करत होता. दोन्ही हात काळे.

"काय केलंत?"

"कुठे काय? बस तू."

घराजवळचा कोपरा आला. मास्तरांनी गाडी हळू केली, खांदे कानांपर्यंत चढवले आणि सगळा भार टाकून दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. चिटपाखरूही हललं नाही.

"बाबा," लेकीच्या लक्षात आलं, "डबी तर घरीच राहिली. फ्यूज उडाला!"

मास्तरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात समोर कडी खणखणली आणि फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली.

"आले, आले!" मास्तरीणबाई हात पुसत ओरडत होत्या. "केवढ्यानं वाजवायचं ते! बहिरी नाहीये मी!"

लेकीनं तोंड उघडलं. मास्तरांनी काळ्याकुट्ट हातानं तिचं मनगट दाबलं. ते स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होते. आत खिडकीला लागून स्टूल होतं. कट्ट्यावर मटारची परात, दाणे थोडे आणि शेंगा बऱ्याच. तिथे बसलं की थेट कोपरा दिसत असणार. किती वेळ बसत असेल ही? चार वर्षं, रोज?

गाडी आत आली. मास्तर उतरले, बायकोसमोर जाऊन उभे राहिले आणि तिला ओठ दिसतील अशा बेतानं सावकाश म्हणाले, "चुकलं माझं. उद्यापासून हळू वाजवतो."

"शेजारी काय म्हणतील, थोडा तरी विचार करा."

संध्याकाळी लेक नवा फ्यूज आणि डबी घेऊन गाडीशी आली. "चला, तुमचा भोंगा नीट जोडून देते."

"नको," मास्तर म्हणाले. "लहानच बसव परत."

दुसऱ्या दिवशी वाचनालयातून परतताना कोपऱ्यावर त्यांनी गाडी हळू केली. हॉर्नला बोटही लावलं नाही. नुसते खांदे वर केले, चांगले कानांपर्यंत.

फाटक उघडलं.