बहिगामावशीचा एक तास

बहिगामावशीच्या मानेतल्या गाठीत कॅन्सर आहे, एवढं कळलं होतं. तो शरीरात कुठून निघून तिथे आला, ते कळत नव्हतं, आणि मूळ सापडल्याशिवाय नेमका उपचार करता येत नव्हता. म्हणून डॉक्टरांनी तिला माझ्याकडे स्कॅनला धाडलं. अलेक्झांड्रियाच्या बंदरावर मासे विकणारी बाई ती. किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन दिलं, की तासभर गप्प पडायचं असतं. कॅन्सर ती साखर खातो आणि चित्रात चमकतो, पण जो स्नायू राबतो तोही ती खातो आणि तसाच चमकतो. मावशी तासभर भिंतीशी बोलली. सबंध घसा असा झगमगला की त्यात मूळ काय दिसणार, कपाळ!

दुसऱ्या खेपेला मी हात जोडले. "मावशी, एक शब्दसुद्धा नाही."

"नाही गं बोलत. तशी मी मितभाषीच. माझ्या सासूला विचार, म्हणजे ती गेली बिचारी, पण—"

"मावशी!"

तिचा नवरा शुक्रीकाका दाराशी उभा होता. चाळीस वर्षांत त्याचं एकही वाक्य तिने पुरं होऊ दिलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "पोरी, आत ऐकू जातं तो माइक मला दे. ती गप्प राहील." नियमात बसत नव्हतं. मी दिला.

इंजेक्शन झालं. काकाने घसा खाकरला.

"बहिगा, बोललीस तर सगळं पुन्हा करावं लागेल, आणि तेवढा वेळ आपल्याकडे आहे का, मला ठाऊक नाही. म्हणून ऐक. तुझ्या भातात मीठ जास्त असतं. लग्नापासून."

काचेपलीकडे मावशी ताडकन उठू लागली. मी ओठांवर बोट ठेवलं. ती पुन्हा आडवी झाली.

"गालिचा मांजराने नाही फाडला. माझ्या सिगारेटने जळला. मांजर उगाच घराबाहेर गेलं."

मावशीच्या डोळ्यांतून नुसती आग. दातओठ खात पडली होती. काका मात्र सुटला होता. तिच्या भावाचं घोरणं, तिच्या बहिणीच्या अत्तराचा वास, काही सोडलं नाही. हसू आवरेना म्हणून मी पाठ फिरवली.

चित्र आलं. दात खाऊन खाऊन दोन्ही जबडे लखलखत होते, पण घसा शांत होता. आणि डाव्या टॉन्सिलवर मसुरीच्या डाळीएवढा एकच ठिपका.

"हेच मूळ!" डॉक्टर खुशीत म्हणाले. "आता नेमके इथे किरण देऊ. बरं होण्याची आशा चांगली आहे. फक्त घसा सोलून निघेल. दोन महिने बोलणं जवळजवळ बंद."

"काका, लॉटरी लागली की!" मी म्हटलं, आणि म्हटल्याक्षणी स्वतःचाच राग आला. काका मटकन खुर्चीत बसला होता. त्याचे डोळे भरले होते.

"उपचार कधीपासून?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"रविवारपासून."

मावशी बाहेर आली ती कंबरेवर हात ठेवूनच. तिने तोंड उघडलं, काकाचा चेहरा पाहिला आणि उघडंच ठेवलं.

काकाने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बस. रविवारला सहा दिवस आहेत. सुरू कर."