थप्पीवर चढलेला हिरवा पेन

मी हिरव्या शाईचा पेन. निळ्या पेनांनी माझी बरोबरी करू नये, हे आधीच सांगून टाकतो. ते लिहितात, मी तपासतो. मी खूण केली की लोक निर्धास्त होतात, आणि याचा मला भारी अभिमान आहे.

जुन्नरच्या पेठेतून मला पोपटलालकाकांनी आणलं. काका गावोगावच्या संस्थांचे ऑडिटर. त्यांचा एकच दंडक होता, "डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोपण काढायचं नाही." ते खताची पोती हात लावून मोजत आणि तोवर मी खिशात गुमान बसून राही.

काकांच्या हाताखाली कल्पेश आणि सिद्धी तयार झाले. सहा वर्षं एका टेबलावर बसले, एकमेकांचे डबे संपवले. सिद्धीला भाऊ नव्हता, म्हणून ती कल्पेशला राखी बांधू लागली. कल्पेशच्या खुणेला लांब शेपटी असे आणि सिद्धीच्या खुणेखाली ठिपका. काका थकले तेव्हा त्यांनी मला सिद्धीच्या हाती दिलं. कल्पेशचं तोंड क्षणभर उतरलं, ते मी पाहिलं. पण पेढे त्यानंच आणले.

पुढं दोघांनी वेगवेगळी ऑफिसं थाटली. शिनोलीच्या हिरडा संस्थेचं ऑडिट एका वर्षी हिच्याकडे, तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे येई. डोंगरातल्या बायका उन्हाळ्यात हिरडा वेचतात, वाळवून संस्थेत घालतात. घालताना थोडे पैसे मिळतात, आणि माल विकला गेला की राहिलेले त्यांच्या हातात पडतात. भाव पडल्यामुळं संस्थेनं नवा माल घेणं थांबवलं आणि आधीचा तीन वर्षं गोदामातच होता. पहिल्या वर्षी सिद्धी शिडी लावून पोत्यांच्या थप्पीवर चढली, सहाशे चाळीस पोती मोजली आणि मगच माझं टोपण काढलं. त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी आलो.

यंदा पुन्हा तिची पाळी आली. आठवड्यात व्यापारी माल उचलणार होता. गोदाम सांभाळणाऱ्या गोरखनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"ताई, सहाशे चाळीस. एक बी हाललं न्हाई. गेल्या साली कल्पेशभाऊ बगून गेलं."

सिद्धीनं गेल्या वर्षीचा कागद पाहिला. लांब शेपटीची खूण होती. ती हसली. "दादानं मोजलंय, मग काय बघायचं!" म्हणाली आणि तिनं टोपण काढलं. माझं टोक कागदाला टेकलं. काकांचा पेन मी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारात कुशाबाई बसली होती. तिचाही हिरडा तीन वर्षं आत पडून होता. ती म्हणाली, "ताई, तुमी वर न्हाई चढत? गेल्या साली ते सायब बी खालनंच बगून गेलं. म्हनलं, सिद्धीची खूण हाय, मग झालं."

सिद्धीचा हात थांबला. तिच्या खुणेवर तो विसंबला होता आणि त्याच्या खुणेवर ती विसंबायला निघाली होती. दोघांची माया इतकी, की दोन वर्षांत वर कुणीच चढलं नव्हतं.

तिनं टोपण लावलं आणि शिडी मागितली.

वर गेल्यावर गळका पत्रा दिसला. थप्पीच्या मधली पोती काळी पडली होती, बुरशीचा भपका येत होता. असला माल व्यापाऱ्यानं उघडला असता, तर त्यानं सगळाच परत केला असता. सिद्धीनं तिथूनच फोन लावला.

"कल्पेशदादा, तू चढला नव्हतास?"

तो म्हणाला, "थांब. आलोच."

तासाभरात तो जुन्नरहून आला आणि पांढऱ्या शर्टानिशीच थप्पीवर चढला. दोघांनी दोन टोकांकडून सुरुवात करून सगळी चांगली पोती वेगवेगळी मोजली. आकडा एकमेकांना सांगायचा नाही, कागदावर लिहायचा, असं ठरलं. सिद्धीची भरली पाचशे एकतीस, कल्पेशची पाचशे एकोणतीस.

"माझीच बरोबर आहेत," सिद्धी म्हणाली.

"मुळीच नाही. परत मोज!"

खालून कुशाबाई हसली. "आता खरं बगत्यात राव! भाऊभैन भांडाया लागली."

पुन्हा मोजल्यावर कल्पेशचा आकडा बरोबर निघाला.

मग अहवाल लिहायची वेळ आली. गेल्या वर्षाच्या रकान्यापाशी सिद्धी अडली. खरं लिहिलं तर दादाचं नाव बुडणार, आणि कदाचित दादाही दुरावणार. तिचे डोळे भरून आले. कल्पेशनं तिच्या हातातून मला घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्या बोटांत होतो. त्यानं लिहिलं, 'गेल्या वर्षी मी पोती मोजली नाहीत. ओळखीच्या खुणेवर विसंबलो.' खाली सही केली.

संस्थेनं ते ऑडिट त्याच्याकडून काढून घेतलं. पण पाचशे एकोणतीस पोती व्यापाऱ्यानं बिनतक्रार उचलली आणि कुशाबाईला, थोडे कमी का होईनात, पैसे मिळाले. राखीच्या दिवशी सिद्धी सकाळपासून दाराकडे बघत होती. कल्पेश पेढे घेऊन आला. तिनं ते मोजले, तेव्हा दोघं पोट धरून हसले.

आता माझी क्लिप वाकली आहे, टोक झिजलं आहे. हजारो खुणा केल्या, पण सगळ्यात मोठा मान मला त्या दोन ओळींनी दिला. तुमचं एवढं प्रेमाचं माणूस असेल, तर त्याची खूण असली तरी शिडी लावून वर चढा. मी टोपणात आहे. तुम्ही खाली उतरेपर्यंत वाट बघेन.